ठवकरांचे टायर

आमचे शेजारी ठवकर रोज सकाळी गाडीच्या पुढच्या सीटवर परात ठेवत, परातीत काठोकाठ भरलेला तांब्या, आणि आमच्या लेआउटला, म्हणजे वसाहतीला, एक चक्कर मारत. परत आले की आधी परात बघत. पाणी सांडलेलं असायचंच. मग कपाळावर हात मारून मला म्हणत, "मधू, बॅलन्स नाही गा!"

आमच्या ओळीतली पहिली चारचाकी त्यांची. नवी कोरी, छोटीशी. तिचं इंजिन पुढची चाकं ओढतं आणि मागची नुसती फरफटत येतात, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की माझे कान किटले. माझ्याकडे स्कूटर, तीही तिरपी केल्याशिवाय चालू न होणारी. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. माझी बायको सुमन फाटकात उभी राहून त्या गाडीकडे बघायची तेव्हा तर अंगाचा तिळपापड व्हायचा. गाडीचं काहीतरी बिघडावं, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

ते काम ठवकरांनी स्वतःच अंगावर घेतलं. "ट्रॅक्टरले मागं रुंद टायर राहते, मंग आपल्याले काहून नाही?" जरीपटक्याच्या बाजारातून रुंद टायर आणून मागे बसवले. पहिल्याच कोपऱ्यावर स्टिअरिंग वळवलं आणि गाडी सरळ नालीच्या काठावर! मागच्यांनी रस्ता घट्ट धरला, पुढचे अरुंद घसरले. मी खिडकीतून बघत चहाचा दुसरा कप मागितला.

मग रुंद टायर पुढे आले. आता नाक चटकन वळायचं, पण मागची बाजू बाहेर फेकली जायची. शेवटी वैतागून त्यांनी चारही सारखे लावले आणि मला चक्कर मारायला बोलावलं. मी ऐटीत पुढचं दार उघडलं.

"तू मागं बस गा. पुढं तांब्या आहे."

"काहून? तांब्या माझ्यापेक्षा मोठा आहे का?" मी भडकलोच.

ठवकरांनी सीटवरची परात नीट सरकवली. "तुझ्या वहिनीले बसमध्ये वळण आलं का ओकारी होते. भिवापूरले माय आहे तिची. म्हातारीले आता दिसत नाही. मी एकटाच जाऊन येतो, तर चाचपून पाहते अन् विचारते, पोरगी काहून नाही आणली? पाणी नाही सांडलं, तर तिले नेतो."

मी पुढचं दार लावलं आणि मागे बसलो. त्या दिवशी परात कोरडी राहिली.

रविवारी वहिनी नवं लुगडं नेसून, हातात लिंबू धरून पुढे बसल्या. आम्ही दोघं फाटकात उभे होतो. कोपरा आला तशी ठवकरांनी गाडी इतकी सावकाश केली की मागून आलेला सायकलवाला पुढे निघून गेला. वहिनी हसत होत्या. मी पुन्हा जळायला लागलो, या खेपेला जास्तच.

सुमन गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग आत जाता जाता म्हणाली, "माझ्यासाठी इतकं हळू कधी कोणी वळलं नाही."