बस्त्यावची यलटी

आमच्या शेजारच्या बस्त्यावची बेल बिघडली आणि वायरमनने ती दहा वीसला दुरुस्त केली, तरी बस्त्याव अकरा वाजेपर्यंत तिला कोणाला हात लावू देत नाही. वायरमन चहा पितो, घड्याळ बघतो, मनातल्या मनात शिव्या देतो. अकरा वाजले की बस्त्याव दार उघडून जिन्यात ओरडतो, “टेस्ट! टेस्ट! कोन पडला न्हाय!” मग बेल तीनदा वाजवतो. चौथ्यांदा नाही. आणि अकरा वाजून पाच मिनिटं झाली की मग बारापर्यंत सुट्टी.

मिक्सर असो, कुकर असो, हीच तऱ्हा. नवी कवळी बसवली तेव्हा चार वाजेपर्यंत तोंड मिटून बसला होता. चारच्या ठोक्याला माझ्याकडे आला आणि चकलीचे तीन तुकडे मोडले. चौथा पुढे केला तर म्हणाला, “बास ताई. पास हाय.”

बस्त्याव मूळचा समुद्राकाठच्या पालीचा. बाप, भाऊ सगळे समुद्रावर. हा एकटा विमानतळावर लागला, विमानातले रेडिओ दुरुस्त करायला. तिथे त्याचा जीव एका नारिंगी डब्यावर बसला. हा डबा विमानाच्या शेपटीकडे असतो. विमान कुठे आपटलं तर धक्क्याने आपोआप चालू होतो आणि बोंब मारतो, मी इथे पडलोय, या. ती बोंब आकाशातले उपग्रह ऐकतात आणि शोधणारे धावतात. डब्याचं नाव ईएलटी. बस्त्याव म्हणतो यलटी.

आता असा डबा तपासायचा म्हणजे खरीच बोंब मारून बघायची. म्हणून नियम असा की तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच तपासायचं आणि तीन बोंबांत आवरायचं. पाच मिनिटांनंतर जी बोंब येईल ती खरी. हा नियम विमानांना आहे, भाईंदर पश्चिमेला नाही, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. तो म्हणतो, “सवय मोडली का मानूस मरतो, ताई.” मरतो तो दुसरा माणूस, विमानातला.

डबा रुसला तर बस्त्याव त्याला तीन प्रश्न विचारतो. खायला हाय का? म्हणजे बॅटरी. तोंड उघडं हाय का? म्हणजे वरची तार. टाळकं ठिकाणावर हाय का? म्हणजे धक्का ओळखणारा भाग. मला ताप आला होता तेव्हाही दारात उभा राहून हेच तिन्ही विचारले. मी म्हटलं, टाळकं ठिकाणावर आहे, तू निघ. अर्ध्या तासाने पेज घेऊन आला. पेजेत मीठ नव्हतं.

रिटायर झाला तरी छोट्या विमानांची एक कंपनी त्याला आठवड्यातून दोन दिवस बोलवायची. त्या दोन दिवसांसाठी तो बाकीचे पाच काढायचा. सोमवारी शर्ट इस्त्री, मंगळवारी कामावर, असं.

एका बुधवारी बारा वाजायला वीस मिनिटं असताना त्याने माझं दार बडवलं. तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत न बसणारी वेळ. मी समजले, काहीतरी मोठं आहे.

“ताई, यलटी चालू झालीय!”

मला ऐकू आलं उलटी. मी बादली आणली. “बस खाली. कितीदा झाली?”

“थांबतच न्हाय! नऊ वाजल्यापासून!”

“काय खाल्लंस?”

“मी न्हाय ताई, डबा!”

“डब्यातलं खाल्लंस? बाहेरचा डबा कशाला मागवायचा? आत काय होतं?”

“बॅटरी!”

“बॅटरी खाल्लीस?”

बस्त्यावने कपाळावर हात मारला आणि बादलीवरच बसला. मग नीट सांगितलं. एका विमानाची यलटी बॅटरी बदलायला भाईंदरच्या एका गाळ्यात पाठवायची होती. काल ती त्यानेच खोक्यात बांधली. आज सकाळी टेम्पो निघाला, खड्ड्यात आपटला, डब्याला वाटलं विमान पडलं. शोधणाऱ्यांनी कंपनीला फोन केला, तुमचं विमान भाईंदरला कोसळलंय का? विमान तर हँगरमध्ये उभं. टेम्पोवाला फोन उचलत नाही, म्हणून कंपनीने बस्त्यावलाच शोधायला सांगितलं. आणि ही बोंब चालू असताना जवळपास खरंच कोणी पडलं, तर त्याची बोंब हिच्यात मिसळणार.

“बटन बंद करून बांधलं असतं तर कितीबी आपटू दे, चालू होत न्हाय,” तो म्हणाला. “मी बंद केलं व्हतं का, तेच आठवत न्हाय. माजी चूक निघाली तर मना परत बोलावनार न्हाईत.”

“मग जा, शोध.”

“तुमी चला. तुमच्यासारखं आडवं मानूस पायजे.”

मी रागवायच्या आत त्याने कारण सांगितलं. त्याच्याकडे हातात धरायचा रेडिओ होता, त्यात डब्याची बोंब ऐकू येते. रेडिओ छातीशी धरून जागच्या जागी गोल फिरायचं. आपलं अंग मध्ये आलं की आवाज बारीक होतो. बारीक झाला म्हणजे डबा आपल्या पाठीमागे. बस्त्याव छत्रीच्या काडीसारखा. त्याच्या अंगाने काही अडत नाही. बिल्डिंगीत आवाज अडवेल अशी मीच. खोटं नव्हतं. मी चपला घातल्या.

पहिल्या नाक्यावर रिक्षातून उतरले, रेडिओ पोटाशी धरला आणि फिरले. रेडिओ व्यूं व्यूं करतोय, मी भोवऱ्यासारखी. भाजीवालीने हात जोडले. “माताजी आयी क्या इनको?”

“माताजी न्हाय, यलटी,” बस्त्याव म्हणाला. तिने घाईघाईने टोपली मागे ओढली.

दुसऱ्या नाक्यावर एक गुजराती दुकानदार खुर्ची घेऊन धावला. “माजी, चक्कर आवे छे?”

“येत नाही, मारतेय,” मी म्हटलं. तिथे आवाज एकदम बारीक झाला. आम्ही माझ्या पाठीकडच्या गल्लीत वळलो. बस्त्याव पुढे, मी मागे, सारखं विचारतोय, “ताई, दमल्या का?” दमले होते. “चल पुढे,” म्हटलं.

स्टीलच्या भांड्यांच्या गोदामाबाहेर टेम्पो उभा होता. ड्रायव्हर सीटवर पाय वर करून घोरत होता. बस्त्यावने त्याला हलवलं.

“क्या हुआ अंकल? माल एकदम सलामत है.”

“सलामत? पूरा आसमान चिल्ला रहा है!”

खोकं उघडलं. डब्यावर एक बटण, त्याला तीन जागा: चालू, बंद आणि तयार. बंदवर असायला हवं होतं. तयारवर होतं, म्हणजे धक्का बसला की चालू. बस्त्यावने ते बंद केलं, रेडिओ गप्प झाला.

मी हळूच म्हटलं, “ड्रायव्हर अजून डोळे चोळतोय. कोणी बघितलं नाही. वाटेत बटण सरकलं म्हण.”

मी चर्चमध्ये थुंकल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. फोन लावला. “साहेब, सापडली. बंद केली. बटन मीच तयारवर ठेवलं व्हतं. चूक माजी.” पलीकडून बराच वेळ कोणी बोलत होतं. “व्हय,” म्हणून त्याने फोन ठेवला. सोमवारी ऑफिसात बोलावलंय, एवढंच सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी तो एक फॉर्म घेऊन आला. तोंडभर हसत. ओरडा खाल्ला म्हणे, मग साहेबाने कामावर ठेवला, वर डबा कसा बांधायचा हे सगळ्यांना शिकवायचं कामही दिलं. विमानतळावर जायचा नवा पास काढायचा होता. “ताई, तुमचं नाव, नंबर लिवा हितं.”

मी चौथी पास. सावकाश वाचलं. आणीबाणीत कोणाला कळवायचं, असा रकाना होता. सोबत जुना फॉर्म होता, त्यात फिलोमेना. फिलू, त्याची बायको. जाऊन सहा वर्षं झाली.

“अरे, मग इतकी वर्षं तुला काही झालं असतं तर फोन कोणी उचलला असता?”

त्याने शर्टाच्या खिशातून बटणांचा एक छोटा फोन काढला. फिलूचा. चार्ज केलेला. “ह्यो माज्याकडंच असतो.”

“म्हणजे तू पडलास की तुझ्याच खिशात वाजणार?”

“व्हय,” म्हणाला आणि हसला. मी हसले नाही. मग म्हणाला, “त्या दिवशी शोधनाऱ्यांचा कंपनीत फोन आला ना, त्यांनी आधी इचारलं, तुमची मानसं नीट हायत ना? मना वाटलं, इचारायला पलीकडं कोनतरी पायजे.”

मी पेन घेतलं. नाव लिहिलं, नंबर दोनदा तपासून लिहिला. नात्याच्या रकान्यात थोडं अडले. शेजारीण पुरेना. ‘ताई’ लिहिलं आणि फॉर्म त्याच्यापुढे सरकवला.

त्याने वाचला. मग फिलूचा फोन उघडला, चष्मा कपाळावर ढकलला आणि एकेक आकडा दाबत माझा नंबर त्यात घालत बसला.

“त्यात कशाला?” मी विचारलं.

“तिला पन म्हाईत असू दे,” बस्त्याव म्हणाला.