कळशीतली चादर

आमच्या शुक्रवार पेठेत डॉक्टर अंबिकाला कुणी "तुम्ही करता तरी काय?" असं विचारलं, की ती पिशवीतून पितळी कळशी काढायची आणि खांद्यावरची चादर तिच्यात कोंबायला लागायची. रिक्षा स्टँडवर, चटणीच्या दुकानात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. "एवढ्याशा डोक्यात एवढा मेंदू कसा मावतो? चुण्या पडतात, म्हणून मावतो. सोपंय की!"

मेंदूवर संशोधन करणारी ही बाई माझी जुनी विद्यार्थिनी. वडील चादरीच्या मागावर कामाला होते. भूगोलात मी तिला एकदा नापास केलं होतं. तिने तो विषय कधी काढला नाही.

दर शनिवारी ती वाचनालयाच्या खोलीत तरुण संशोधकांना साध्या माणसांशी बोलायला शिकवायची. कुणी जड शब्द वापरला, की चमच्याने कळशी वाजायची. परीक्षा मात्र आमच्या ओसरीवर, माझ्या बायकोसमोर. सुमनला तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. मी ते कुणाला कळू देत नव्हतो.

पोरं मेंदू समजावायला लागली, की सुमन म्हणायची, "माहेरी, मोडनिंबला आमची एक शेळी होती बघ. माझ्यामागं शाळेत यायची." मग शेळी वर्गात, गुरुजी बाकावर. दहा मिनिटांनी पुन्हा तीच शेळी, आणि पोरं पुन्हा तशीच हसायची.

एका संध्याकाळी शेळी चौथ्यांदा वर्गात शिरली आणि मला राहवलं नाही. "अंबिका, माझी बायको म्हणजे तुझा प्रयोगातला उंदीर नव्हे. ऊठ!"

"बरं, सर," एवढंच म्हणाली आणि चादरीची घडी करून गेली.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. ही बाई म्हाताऱ्यांवर प्रयोग करते, असं गल्लीभर सांगितलं. वाचनालयाने तिची खोली काढून घेतली. मी सांगितलं ते खोटं होतं. ते आज इथे लिहून ठेवतो.

मग दुपारी फार लांबल्या. उन्हात सगळी गल्ली पेंगायची आणि सुमन दाराकडे बघत बसायची. "चादरवाली आली न्हाय व्हय?" मुलाचं नाव चुकायची, पण चादरवाली ध्यानात होती.

एकदा ओसरीवरची गादी उन्हात घालताना खाली एका पोराचा तपासलेला कागद सापडला. अक्षर अंबिकाचं. मेंदू नीट समजावला : दोन गुण. शेळीची गोष्ट पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली : आठ गुण. खाली लाल शाईत, 'मघाशी सांगितलंत' म्हणणारा नापास.

मी सुमनला रोज तेच म्हणत होतो.

तिच्या घरी गेलो. एकटीच राहते. माफीसाठी तोंड उघडलं, तोच तिने विचारलं, "सर, आज शेळीनं काय केलं?"

"ऐकलं नाही मी."

"मी पण आईचं ऐकलं नव्हतं की," ती कळशी पुसत म्हणाली. "अभ्यास असायचा. 'किती वेळा तेच,' म्हणायची मी. शेवटी ती गप्पच झाली."

मी वाचनालयात जाऊन सगळ्यांसमोर खोटेपणा कबूल केला. शनिवारी अंबिका ओसरीवर आली, पोरांना घेऊन. सुमनने शेळी काढली. या वेळी मीच विचारलं, "कसल्या रंगाची होती गं?"

सुमन माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "पांढरी. डावा कान तेवढा काळा."

लग्नाला पन्नास वर्षं झाली. तो कान मला माहीत नव्हता.