विभागाची शान, सम्यक रोकडे

बदलापूरच्या नाक्यावर दूध आणायला गेलेला सम्यक रोकडे डेअरीपुढे थबकला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिक्षा स्टँडवर, दोन खांबांना ताणून बांधलेल्या बॅनरवरून खुद्द सम्यक रोकडेच त्याच्याकडे बघून हसत होता. फोटो मावसभावाच्या हळदीतला. गालाला हळद, डोळ्यांवर दुसऱ्याच कोणाचा तरी गॉगल. वर मोठ्या अक्षरात 'हार्दिक अभिनंदन!' आणि खाली 'विभागाची शान, सॉफ्टवेअर इंजिनियर सम्यक नरेंद्र रोकडे'. सम्यकचं डोकं बशीएवढं होतं. शुभेच्छुक म्हणून नाक्यावरचे पुढारी जनूशेठ मात्र गळ्यातल्या साखळीपासून पायातल्या बुटांपर्यंत अख्खेच्या अख्खे उभे होते.

"काय इंजिनियर साहेब, पार्टी कधी?" एक रिक्षावाला ओरडला.

इंजिनियर! अरे, कसला डोंबलाचा इंजिनियर? बारावीच्या गणितात जेमतेम काठावर वाचलेल्या सम्यकला वांगणीच्या पुढच्या एका युनिव्हर्सिटीने सॉफ्टवेअर इंजिनियरिंगला थेट घेतलंच नव्हतं. आधी एक फाउंडेशन इयर कर, त्यात पास झालास तर फर्स्ट इयरला बस, अशी अट होती. म्हणजे हा इंजिनियर नाही, इंजिनियरिंगचा विद्यार्थीही नाही, तर विद्यार्थी होण्यासाठी रांगेत उभा केलेला माणूस. त्यात फाउंडेशनच्या गणितात पठ्ठ्या आपटला होता. येत्या सोमवारी फेरपरीक्षा. तीही गेली की रांगेतूनच बाहेर. हे घरात फक्त आईपप्पांना ठाऊक होतं, आणि नाक्यावर हे असं!

दुधाची पिशवी ओट्यावर आपटून तो सरळ आजोबांपुढे जाऊन उभा राहिला. शिवराम आजोबा अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. सकाळी पेपर वाचताना त्यांच्याशी बोलायची घरात कोणाची छाती नव्हती.

"आजोबा, तो बॅनर कोणी लावायला सांगितला?"

"मी," पेपरातून मान वर न काढता आजोबा म्हणाले. "जनूशेठ विचारत होता, आपल्या भागातली हुशार पोरं सांगा. मी सांगितलं."

"मी इंजिनियर आहे का?"

"मग काय डॉक्टर आहेस?"

"अहो, मी फाउंडेशनला आहे! फर्स्ट इयरलासुद्धा नाही!"

"फाउंडेशन करून कोणी कंडक्टर झालेला मी तरी पाहिला नाय. सरक, उजेड अडवू नको."

भिंतीवर डोकं आपटलं असतं तर भिंत तरी हलली असती. सम्यक दात-ओठ खात खोलीत गेला, गणिताचं पुस्तक उघडलं, आणि बेल वाजली.

दारात शेजारच्या सुनंदाकाकू रिमोट घेऊन. "सम्यक, बाळा, आमचं एकपण चॅनल दिसत नाय रे. जरा बघ ना."

"काकू, मला त्यातलं काही येत नाही. आम्हाला आत्ताशी लॉगॅरिदम शिकवतायत."

"हो, आता तुम्ही मोठी माणसं. आमचं कशाला कराल?"

या वाक्यापुढे भलेभले गार होतात, तिथे सम्यकची काय कथा? तो गेला, दोन बटणं दाबली, आणि चॅनल आले. फक्त सगळे तमिळमध्ये. काकूंच्या मालिकेतली सासू सुनेला फाडफाड बोलत होती आणि काकूंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"इंजिनियर म्हणे!" काकू म्हणाल्या.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. सोसायटीचे चेअरमन सीसीटीव्हीचा डबा काखेत मारून आले. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका तर चक्क मिक्सर घेऊन आले. मिक्सर! मिक्सरमध्ये कुठलं आलंय सॉफ्टवेअर? "चटणी नीट होत नाय," ते म्हणाले, आणि भांडं टेबलावर, गणिताच्या पुस्तकावरच ठेवून गेले. दुपारी पुस्तक उचललं तेव्हा लॉगॅरिदमच्या पानाला खोबऱ्याचा वास येत होता. आता मात्र सम्यकचं डोकं फिरलं. त्याने चपला घातल्या आणि कुळगावात जनूशेठचं ऑफिस गाठलं.

"काय रं पोरा, खूश ना?" जनूशेठने खुर्चीतूनच हात वर केला.

"शेठ, तो बॅनर काढा."

जनूशेठचा वर गेलेला हात खाली आला. "काढू? त्याच्यावर माझा फोटो हाय. इलेक्शन तोंडावर आलंय. आज बॅनर काढला तर उद्या समोरच्या पार्टीच्या अक्षयची पोरं बोंबलतील, जनूशेठनं माघार घेतली."

"मग निदान दुरुस्त तरी करा! मी इंजिनियर नाही. मला सोमवारी परीक्षा आहे आणि माझ्या घरी लोक मिक्सर घेऊन येतायत!"

"दुरुस्ती ना? मंग तसं सरळ बोल की. उल्हासनगरला कॅम्प नंबर एकला सोनूकडे जा. माझं नाव सांग, काय पायजे ते छापून घे. सकाळी लावून टाकू."

माणूस वाईट नव्हता हो. पण आपल्याकडे जितकी हानी चांगली माणसं करतात, तितकी करायला वाईट माणसांना सवडच नसते.

सोनूचं दुकान म्हणजे एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि रंगाचा वास. त्या पट्ट्यातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे बॅनर त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार असत. वरची ओळ ठरलेली, बाजूचा पुढारी ठरलेला, खालची शुभेच्छुकांची मुंडकी ठरलेली. बारसं असो की दहावीचा निकाल, बदलायची ती फक्त मधली पट्टी.

"बोल भाई, बीच में क्या डालने का?"

"लिहा, सम्यक रोकडे हा इंजिनियर नाही." तेवढ्यात चेअरमनचा फोन आला. सम्यकने तो कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. "आणि खाली लिहा, तरी कोणीही टीव्ही, मिक्सर घेऊन त्याच्या घरी येऊ नये."

"पक्का ना? फोटो वोही रखू?"

"तोच ठेवा नाहीतर माकडाचा लावा, मला काय करायचंय!"

"अरे, गुस्सा कायको? पूरा बॅनर एकदा बघून तरी जा."

पण सम्यकला बघायला वेळ कुठे होता? त्याला अभ्यास होता. तो तणतणत निघून गेला.

सकाळी नाक्यावर पहिल्यापेक्षा दुप्पट मोठा बॅनर झळकला. 'हार्दिक अभिनंदन! विभागाची शान! सम्यक रोकडे हा इंजिनियर नाही. तरी कोणीही टीव्ही, मिक्सर घेऊन त्याच्या घरी येऊ नये. शुभेच्छुक, जनूशेठ आणि मित्रपरिवार.' हळदीचा गाल आणि गॉगल, दोन्ही आता लांबूनसुद्धा दिसत होते.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आता टीव्हीवाले थांबले आणि सांत्वनवाले सुरू झाले. अंजनीआत्या अंबरनाथहून रिक्षा करून डोळे पुसतच आली. "माझ्या भावाच्या लेकराला कोणाची नजर लागली गं!" असं तिने दारातूनच सुरू केलं. सुनंदाकाकू वाटीभर शिरा घेऊन आल्या.

"कॉलेजातून काढलं का रे तुला? आमच्या टीव्हीमुळे तर नाय ना?"

"मला कोणी काढलेलं नाही, काकू!"

"असंच बोलावं लागतं रे. आमचा भाचापण असंच बोलायचा."

दुपारपर्यंत अक्षयदादानेही संधी साधली. समोरच्या खांबांवर त्याचा बॅनर चढला, 'सम्यक, खचू नकोस! अक्षयदादा तुझ्या पाठीशी आहे.' संध्याकाळी तो कार्यकर्ते घेऊन घरीच आला आणि सम्यकच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. ते कळल्यावर जनूशेठही आला. त्याने दुसऱ्या खांद्यावर हात टाकला. मधल्या सम्यकच्या हातात गणिताचं पुस्तक होतं आणि चेहऱ्यावर खुनी माणसाचा भाव होता. या सगळ्या गोंधळात आजोबा मात्र खिडकीत बसून पेपर वाचत होते, जणू हे दुसऱ्याच कोणाच्या घरी चाललंय.

सोमवारपर्यंत सम्यक कोणाशी धड बोलला नाही. दाराला आतून कडी लावली, कानात कापूस घातला आणि प्रत्येक गणितात जनूशेठ दिसतोय असं समजून त्याला सोलून काढलं. रागाचा एक फायदा असतो, डुलकी लागत नाही. परीक्षेत पेन इतकं दाबून चाललं की उत्तरपत्रिकेची पानं मागच्या बाजूने खरखरीत झाली.

आणि निकाल लागला. पास! चांगला घसघशीत पास. फाउंडेशन संपलं, फर्स्ट इयर पक्कं. आईपप्पांचा जीव भांड्यात पडला. सम्यक जिन्यावरून उड्या मारत खाली गेला तर पहिल्या भेटल्या सुनंदाकाकू.

"काकू, मी फर्स्ट इयरला गेलो!"

"फर्स्ट म्हणजे पहिलं ना?" काकूंचा चेहरा पडला. "अरेरे! आधी इंजिनियर होतास, मग नव्हतास, आता पार पहिल्याला नेऊन बसवलं? धीर धर हो बाळा."

नाक्यावर जनूशेठ भेटला. सम्यकने मोठ्या आशेने बातमी सांगितली.

"बरं झालं," जनूशेठ म्हणाला. "पण आता बॅनर नाय हां जमायचा. खांब सगळे वाढदिवसांना दिलेत. आणि तुझं झालं ना दोनदा!"

सम्यक घरी आला तो धुमसतच. "सगळं तुमच्यामुळे, आजोबा! खोटा इंजिनियर होतो तेव्हा गाव गोळा झालं. नव्हतो तेव्हाही गोळा झालं. आता खराखुरा पास झालो तर कुत्रंसुद्धा विचारत नाही!"

आजोबांनी पहिल्यांदाच पेपराची घडी घातली. "गणितात आपटलास ना, तेव्हा तुझा बाप तोंड पाडून बसला होता. मी विचारलं, त्याने सांगितलं."

"तुम्हाला माहीत होतं? आणि तरी बॅनर लावायला सांगितला?"

"म्हणून तर सांगितला. याला झेपणार नाय, असं या घरात तिघं म्हणत होते. तुझी आई, तुझा बाप आणि तू. म्हटलं, एका माणसाने तरी होईल म्हणावं, आणि ते नाक्यावर म्हणावं. पास झाल्यावर काय रे, कोणीपण म्हणतं."

इतके दिवस जपून ठेवलेला राग नेमका आता कामाला येईना. सम्यक आजोबांच्या पायाशी बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही त्याला थोडा रागच आला.

"बरं, पुरे," आजोबा म्हणाले. "आता फर्स्ट इयरच्या गणिताला लाग. त्यात पहिला आल्याचा बॅनर उद्या लागतोय."

"आजोबा!" सम्यक ताडकन उभा राहिला. "जनूशेठकडे एकपण खांब रिकामा नाही!"

"अक्षयकडे आहेत," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पेपर उघडला.