शिल्लक जोडे: दोन

"कुणाला विचारायचंच नाही, बाबा. मांडणीवरच्या टॅगला फोन टेकवायचा, किती शिल्लक ते हजर!" जावईबापूंनी बुटांच्या दुकानात सासऱ्यांना धडा दिला. ही यंत्रणा त्यांनीच बनवलेली. 'तुम्ही नेमकं काय काम करता?' या सासऱ्यांच्या तीन वर्षांच्या प्रश्नाचा आज सोक्षमोक्ष लागणार होता.

सासऱ्यांचा उद्या सकाळी कचेरीत निरोप समारंभ होता आणि एकुलत्या एक काळ्या बुटांचा तळ आजच निघाला होता. नऊ नंबरचे पसंत पडले. फोन टेकवला. 'शिल्लक जोडे: दोन.'

शेजारी एक गृहस्थ घुटमळत होते. "मला हेच हवे होते हो."

"घ्या की! आणखी आहेत," म्हणत जावईबापूंनी कर्णाच्या थाटात बूट त्यांच्या हाती दिले.

"आधी दुसरे बघा तरी," सासरे म्हणाले.

"बाबा, यंत्र खोटं बोलत नाही."

गृहस्थ बूट घेऊन गेले. पुन्हा फोन टेकवला. 'शिल्लक जोडे: एक.' जावईबापूंनी खोके उपसले, माळा पालथा घातला, शेवटी बाकाखाली डोकं घातलं. सासरे घड्याळ बघत उभे. दुकान बंद व्हायची वेळ झाली.

"साहेब," विक्रेतीनं धीर करून विचारलं, "दोन्ही बुटांत वेगवेगळा टॅग का हो लावायला लावलात? काउंटरवर एकच वाचला जातो."

जावईबापू बाकाखालीच थांबले. 'प्रत्येक जोड्याला एक टॅग,' असं मालक म्हणाले होते.

"जोडा म्हणजे दोन बूट हो!" सासरे कडाडले.

"आमची आई 'जोड्यानं हाणीन' म्हणायची, बाबा, तेव्हा हातात एकच असायचा."

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्ही काम करता तरी काय?"

"एकाचे दोन करतो. पण फक्त पडद्यावर."

सासरे तीन वर्षांत पहिल्यांदा खो खो हसले. मग त्यांची नजर बाकाबाहेर आलेल्या पायांवर स्थिरावली. बूट काळे होते, चकचकीत होते.

"जावईबापू, तुमचा नंबर किती?"

"नऊ," जावईबापू बोलून गेले.

घरी बायकोनं दार उघडलं. "मिळाले का बाबांना बूट?"

"मिळाले," जावईबापू मोज्यांवरच आत येत म्हणाले. "दुकानात एकच जोड शिल्लक होता. तो माझ्याच पायात निघाला."