चौकडीचा शर्ट: एक तपासणी

माणूस कपड्यांवरून ओळखावा, यावर आमच्या सावेडीतल्या सोसायटीची गाढ श्रद्धा आहे. (वॉचमनचा गणवेश शिवून तयार आहे. वॉचमन मिळाला की घालू.)

तिसऱ्या मजल्यावरच्या निकिता आणि देवश्री लेस्बियन असल्याची कुजबुज उठली. पण अध्यक्ष विष्णुपंत निवृत्त मुख्याध्यापक. नुसत्या कुजबुजीवर ते कुणाला घराबाहेर काढत नाहीत. त्यांनी चार दुपारी इंटरनेटवर बसून लेस्बियन फॅशनचा शंभर वर्षांचा जागतिक इतिहास वहीत उतरवला आणि तीन लक्षणं नक्की केली: पुरुषी चौकडीचा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बारीक कापलेली नखं. (पॅरिसमध्ये एका डोळ्याचा चष्माही लावत. तो नगरला मिळेना, म्हणून वगळला.) तीनपैकी तीन गुण पडले, की भाडेकरार रद्द.

रविवारी तपासणी निघाली. फाटकातच पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या मुक्ताबाई कांद्याचा टेम्पो घेऊन उभ्या. लुगड्यावर चौकडीचा फुल शर्ट, कमरेला किल्ल्या, नखं बारीक. तीन गुण!

"मालकाचा हाय," मुक्ताबाई शर्टाची बाही झटकत म्हणाल्या. "रानात समद्याच घालत्यात. ऊन लई लागतं."

"सगळ्याच?"

"व्हय. दोनशे तरी आसत्याल."

विष्णुपंतांनी नोंद केली: चळवळ पाथर्डी तालुक्यात खोलवर रुजली असून पॅरिस बरंच मागे आहे. मग ते पाणी प्यायला घरी गेले. पत्नी इंदूताई त्यांचाच जुना चौकडीचा शर्ट चढवून माळा झाडत होत्या. कमरेला कपाटाच्या किल्ल्या. नखं विष्णुपंतांनी भीत भीत पाहिली. तीही बारीक. अडतीस वर्षांच्या संसारात हे त्यांना आजच कळलं.

तिसऱ्या मजल्यावर मात्र साफ निराशा झाली. निकिता जरीच्या साडीत, देवश्री पायघोळ अनारकलीत. नखं लांब, रंगवलेली. किल्ल्या पर्समध्ये. शून्य गुण.

"काका, आम्ही खरंच जोडपं आहोत," देवश्री म्हणाली. "लपवायचं नाही आम्हाला. फक्त हे घर सोडायचं नाही."

"पोरी, तू सांगून काय उपयोग? पुरावा कुठंय?" असं म्हणून विष्णुपंतांनी भाडेकरार पुढे चालू ठेवायला सही केली.

सोसायटीचा सचिव या नात्याने मी पेढे वाटले. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

तर त्या दोघींचं घर वाचलं. राहिलं तुमचं. मघाशी नखांचं कलम वाचताना तुम्ही हळूच स्वतःच्या बोटांकडे पाहिलंत, त्याची नोंद झाली आहे. शर्ट कोणता घातलाय, तेवढं कळवा.