खिळा न मारलेल्या पाचरी

पाणसळीतील बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधोमध येऊन स्थिरावला आणि ठेकेदाराच्या मुखावर विजयाचे तेज पसरले. सासुरवाडीच्या घराचा खचलेला कोपरा त्याने जॅक लावून उचलला होता. खाली नव्या पायाचे काँक्रीट आधीच घट्ट झाले होते. आता मधली फट भरली की कार्य सिद्धीस जाणार होते.

पाया बांधणे व दुरुस्त करणे हाच त्याचा व्यवसाय. दुकाने, गुदामे व बंगले यांच्या पोटाखाली शिरून त्याने त्यांस सावरले होते. परंतु सासूबाई त्याला लग्नापासून 'खड्डेवाले' असेच संबोधीत, आणि दिवंगत सासऱ्यांची खुर्ची रिकामी असतानाही त्याला स्टुलावर बसवीत. आज या दोन्ही गोष्टींचा निकाल लागेल, असे त्याने मनोमन योजिले होते.

तोच घरातून भांडी कोसळल्याचा प्रचंड ध्वनी आला.

"अहो खड्डेवाले! काय केलंत हे?"

ठेकेदाराचे तेज मावळले. "आई आत कशा? सगळ्यांना बाहेर काढलं होतं ना?" त्याने पत्नीस विचारले.

"गॅसवर दूध राहिलं म्हणाली. मी वळले तेवढ्यात शिरली आत!"

मुकादमाने धावत जाऊन दाराला खांदा दिला. दार तसूभरही हलेना. चौकट सरळ झाली होती. दार मात्र जुन्या वाकड्या चौकटीच्या मापाचे होते, सबब ते तिच्यात गच्च रुतून बसले होते.

ठेकेदाराने खिडकीच्या गजांतून आत डोकावले. आतील दृश्य हृदयविदारक होते. कपाट पुढे झुकून आपली दारे उघडून उभे होते. पातेली जमिनीवर पसरली होती. फडताळ एका बाजूला, पलंग दुसऱ्या बाजूला कललेला. मध्यभागी सासूबाई दुधाचे भांडे हाती धरून उभ्या होत्या.

"आई, घर आता अगदी सरळ झालंय," तो नम्रपणे म्हणाला.

"सरळ? डोळे आहेत का जागेवर? आमचे हे सुतार होते, सुतार! जमीन खचत गेली तसं ह्यांनी एकेक सामान सरळ करून ठेवलं. जन्मभर सांभाळलेलं घर तुम्ही एका दुपारात वाकडं केलंत!"

कुंपणापाशी शेजारचे घड्याळजी येऊन उभे राहिले. त्यांचेही घर त्याच रांगेत व तितकेच कललेले असल्याने त्यांस या कार्याविषयी विशेष आस्था होती.

"काय ठेकेदार, घर उचललंत की सासू कोंडलीत?"

"तुम्ही गप्प बसा हो घड्याळजी!" आतून सासूबाई गरजल्या. "आणि तुम्ही, खाली घ्या माझं घर! होतं तसं ठेवा!"

"साहेब, घेऊ खाली?" मुकादमाने जॅकवर हात ठेवून विचारले.

ठेकेदार पेचात पडला. घर खाली घ्यावे तर जन्मभर खड्डेवाले. वर ठेवावे तर सासूबाई जन्मभर आत. त्याने पुन्हा एकवार खिडकीतून निरखून पाहिले. कपाटाच्या पायाखाली लाकडाची एक सुबक पाचर होती.

"आई, त्या पाचरीला खिळा मारलाय का बघा जरा."

"मी इथे अडकलेय आणि तुम्हाला पाचरीचं पडलंय?"

"बघा तरी!"

सासूबाईंनी भांडे ठेवले. कपाटाला खांदा देऊन त्यांनी पाचर ओढली. ती अलगद हातात आली आणि कपाट डुगडुगत सरळ उभे राहिले. दारे आपणहून मिटली.

सासूबाईंनी पाचर उलटसुलट करून पाहिली; तिला खिळ्याचे भोकही नव्हते.

"मी विचारलं होतं ह्यांना," सासूबाई मृदू स्वरात उद्गारल्या. "म्हटलं, खिळा का नाही मारत? तर म्हणाले, अगं, कधीतरी कोणीतरी पाया नीट करेल. त्याला काढायला सोपं जावं."

"मग चौकट वाकल्यावर पडलेली फट बुजवायला दारालाही वर पट्टी जोडली असेल. स्क्रूची. बघा!"

"आहे की! द्या इकडे पेचकस. सुताराची बायको आहे मी."

पेचकस गजांतून आत गेला. स्टुलावर चढून त्यांनी पट्टी सोडविली. सासऱ्यांनी स्क्रूंना मेण लावून ठेवले असल्याने ते लोण्यातून निघावे तसे निघाले. मुकादमाच्या एका धक्क्यासरशी दार उघडले. दारात सासूबाई उभ्या होत्या, एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात पाचर.

"आमच्याकडेही येऊन बघाल का एकदा?" घड्याळजींनी कुंपणावरून विचारले.

"आमचे जावई आधी आमची फट भरतील," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "मग तुमचं! आणि तुमच्याकडे खिळे मारलेले असणार, त्याचे पैसे वेगळे!"

'आमचे जावई' हे शब्द ऐकून ठेकेदाराच्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला व मुकादमाने उगाचच काँक्रीट ढवळले.

सायंकाळी फट भरून झाली. दिवाणखान्यात ठेकेदार सवयीने स्टुलाकडे वळला.

"तिथे कुठे? ह्यांच्या खुर्चीत बसा, जावईबापू," सासूबाई चहा पुढे करीत म्हणाल्या.

तो बसला. खुर्ची चांगलीच डावीकडे कलली, कारण तिच्या पायाखालची पाचर काढायची राहून गेली होती. ठेकेदाराला हे तत्क्षणी उमगले. तथापि तो तसूभरही हलला नाही. कलत्या बशीतून चहा सांडू न देता, मान तेवढी उजवीकडे झुकवून, तो परम वैभवाने बसून राहिला.