बापटकाकांचा शत्रू

लेस्टरला राहायला आलो त्याच आठवड्यात दाराच्या फटीतून शेजारच्या बापटकाकांचा खलिता आला. 'आपली गाडी आमच्या गेटसमोरून सूर्यास्तापूर्वी हलवावी, अन्यथा तोफा डागणे भाग पडेल. आपला नम्र सेवक.' मी नवऱ्याला म्हटलं, शेजार काही धड दिसत नाही बाबा.

माणूस वाईट नव्हता, फक्त सतराव्या शतकात राहत होता. राजा विरुद्ध पार्लमेंट अशा इथल्या जुन्या यादवी युद्धाची लुटुपुटूची लढाई हौशी मंडळी दर उन्हाळ्यात मैदानावर करतात. रिटायर्ड इंजिनिअर बापटकाका त्यात पार्लमेंटचे सेनापती. राजाचा सेनापती हॅरल्ड, रिटायर्ड पोस्टमन. लढाईआधी एकाने 'किल्ला सोडा, शरण या' असं पत्र धाडायचं, दुसऱ्याने अदबीने नकार द्यायचा, ही त्या काळची रीत. बाकीच्यांचं एका पत्रात आटपतं. या दोघांचं वर्षभर चालायचं, आणि काकू गेल्यापासून तर जास्तच. गुडघे, टोमॅटो, कौन्सिलचा गाढवपणा, सगळं त्यात यायचं. शेवट मात्र ठरलेला. शरण या. नाही येत. फोन का नाही करत, असं मी एकदा विचारलं. "शत्रूला फोन?" म्हणाले, आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

या वसंतात हॅरल्ड हॉस्पिटलात गेला. ऑपरेशन केलं नाही तर कठीण आहे आणि बाबा नको म्हणून बसलेत, असं त्याच्या मुलीने कळवलं. काकांनी लगेच 'शरण या'चं कडक पत्र धाडलं. उत्तर आलं तेव्हा मी तिथेच होते. एकच ओळ होती: 'किल्ला आपला. मी शरण आहे.'

इतक्या वर्षांनी लढाई जिंकली होती, आणि काका कागद उलटून मागे आणखी काही लिहिलंय का ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना गाडीतून नेलं. अंगावर लढाईतला चामडी कोट, कमरेला पार्लमेंटचा केशरी पट्टा. तलवार मी हट्टाने घरी ठेवायला लावली. रिसेप्शनवरच्या बाईने एक अक्षर न विचारता वॉर्ड सांगितला. इंग्रजांचं मला हेच आवडतं.

हॅरल्ड भिंतीकडे तोंड करून पडला होता. काकांनी सलाम ठोकला, उत्तराचा कागद काढला, आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. कागद घडी करून खिशात घातला. मग साध्या इंग्रजीत म्हणाले, "शरणागती नामंजूर. मला भांडायला दुसरं कोणी नाही रे."

हॅरल्डने तोंड वळवलं. त्या केशरी पट्ट्यावरून नजर फिरवली.

"मग नाही येत शरण," तो म्हणाला, आणि डॉक्टरांना बोलवा म्हणून नर्सला खूण केली.

परतताना घराजवळ आल्यावर काका चष्मा पुसत म्हणाले, "बघितलंस? लेकाचा अजून हट्टी आहे."